शहरी प्रौढांचे अकाली मृत्यू : एक आर्थिक प्रश्न

याच तंजावरात दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८-१८३२) धन्वंतरी महालात औषधींचे संशोधन करविले. आज रोगांचे स्वरूप पालटले आहे. देशातील एकूण मृत्यूंत असंसर्गजन्य रोगांचा वाटा १९९० मध्ये सुमारे ३८ टक्के होता. २०१६ मध्ये तो सुमारे ६२ टक्के झाला. वाटा वाढला म्हणजे मृत्युदर तितकाच वाढला, असे मात्र नव्हे. साथी ओसरल्या, आयुर्मानही वाढले. खरी चिंता तिशी ते सत्तरीतील मृत्यूंची आहे. शहरातील कमावता माणूस हृदयविकाराने गेला, की कुटुंबाचे उत्पन्न व बचत दोन्ही बुडतात. तमिळनाडूने २०२१ मध्ये रक्तदाब व मधुमेहाची औषधे घरपोच देण्यास प्रारंभ केला. २०३० पर्यंत असे अकाली मृत्यू एकतृतीयांशाने घटविणे, हे शाश्वत विकासाचे उद्दिष्ट आहे. वेळीच निदान आणि अखंड औषधोपचार हाच त्याचा कमी खर्चाचा मार्ग होय.