आतड्याचा जोड
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत उणकल येथे दिलेले व्याख्यान)



ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून एका शल्यचिकित्सकाने आतड्यांविषयी बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु या विषयाचा पहिला धागा ग्रंथातच सापडतो. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, चौदाव्या अध्यायात, उदररोगांची चिकित्सा आहे. अन्नातून गेलेल्या शल्याने आतडे भेदले जाऊन आतला स्राव पोटात झरतो, त्या विकारास तेथे ‘परिस्रावी उदर’ म्हटले आहे. पोट उघडून स्राव स्वच्छ करावा, छिद्राच्या कडा जुळवून त्यांवर काळ्या मुंग्या डसवाव्यात, धडे काढून टाकून मस्तके तशीच राहू द्यावीत आणि मग पोट शिवावे, असा तो विधी. लोक मुंग्यांचे कौतुक करतात. मला कौतुक वाटते ते ‘परिस्राव’ या शब्दाचे. कारण जोडातून होणारा पाझर हाच आजही आमचा शत्रू आहे.

येथून जवळच, विद्यानगरात, १९५७ साली वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा मोठ्या रुग्णालयांत विषमज्वराने छिद्र पडलेली, क्षयाने आवळलेली, कर्करोगाने अडलेली आतडी घेऊन माणसे येतात. रोगट भाग कापून दोन टोके जोडणे हे कौशल्याचे काम खरे, पण ते शिकता येते. अमेरिकन शल्यज्ञ हाल्स्टेड यांनी १८८७ मध्येच दाखवून दिले की, टाका धरून ठेवण्याचे बळ आतड्याच्या श्लेष्मल अस्तराखालच्या थरात असते. टोकांना रक्त पोहोचले पाहिजे आणि जोडावर ताण नको, हे दोन नियम प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतात. तरीही जोड गळतो. जुने तंतू विरघळतात आणि नवे अजून विणले जायचे असतात, अशा पहिल्या काही दिवसांत तो केवळ टाक्यांच्या भरवशावर असतो. म्हणून पाझर बहुधा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास उघड होतो. नेमके घरी जाण्याचे बेत चाललेले असतात तेव्हा.

माझ्या उमेदीच्या काळातील एक गोष्ट सांगतो. एका शेतकऱ्याचे आतडे मी जोडले होते. पाचव्या दिवशी त्याला ताप नव्हता, पोट मऊ होते. नाडी मात्र मिनिटास एकशेवीस. “रात्री झोप नाही झाली, साहेब,” तो म्हणाला आणि मला ते पटले, कारण मला ते पटवून घ्यायचे होते. दुसऱ्या संध्याकाळी पोट फुगले. पुन्हा उघडले, जोड सुटलेला होता. तो वाचला, पण दोन महिने खाटेवर काढून. तो एक दिवस मी घालवला, ही गोष्ट अजून सलते.

या संकटाचा बंदोबस्त पुष्कळसा शस्त्रक्रियेच्या आधी होतो. तंबाखूने सूक्ष्म रक्तवाहिन्या आखडतात; ती निदान चार आठवडे आधी सुटावी. आमच्याकडे विडी लपवतात आणि चुन्याची डबी उशाखाली सापडते! साखर आटोक्यात आणणे, रक्त वाढवणे, अंगी धरेल असे अन्न देणे, हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्वी एरंडेल आणि एनिमा देऊन आतडे धुतले की आम्ही निश्चिंत होत असू. नुसत्या धुण्याने जंतुसंसर्ग घटत नाही, हे पुढे चाचण्यांतून दिसले. मोठ्या आतड्याच्या ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी धुण्याच्या जोडीला तोंडावाटे प्रतिजैविकही द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सुचविले. इंजेक्शन छेद घेण्यापूर्वीच्या दोन तासांत पडले पाहिजे. प्रतिबंधासाठी ते पुढे दिवसेंदिवस चालविण्यात लाभ नाही. नातेवाइकांना मात्र इंजेक्शने बंद होणे म्हणजे हेळसांड वाटते. पोटात आधीच पू असेल तर गोष्ट निराळी.

काही उपाय तर हास्यास्पद वाटावेत इतके साधे आहेत. पोट शिवण्यापूर्वी हातमोजे आणि उपकरणे बदलावीत, एवढीच एक युक्ती भारतासह सात देशांतील ८१ रुग्णालयांत, तेरा हजारांवर रुग्णांत तपासली गेली. २०२२ साली निष्कर्ष आला: जखमेतील संसर्ग शेकडा १८.९ वरून १६ वर. ज्यांचे घराणे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातले, त्या डॉ. अतुल गावंडे यांनी पुरस्कारिलेली तपासणी-यादी अशीच. रोग्याचे नाव, शस्त्रक्रियेची जागा, प्रतिजैविक दिले की नाही, हे मोठ्याने विचारायचे. नवी दिल्लीसह आठ शहरांतील पाहणीत गुंतागुंत शेकडा ११ वरून ७ वर आली, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्यातल्या ज्येष्ठांना ही शाळकरी हजेरी वाटली. मलाही प्रथम वाटली होती.

आता पोटावरच्या पिशवीविषयी. गुदाशयाजवळचा खालचा जोड अधिक धोक्याचा, म्हणून मळाची वाट काही महिने पोटावर काढून देतात. त्याने पाझर अजिबात होणार नाही असे नव्हे, पण झाला तर विष पोटभर पसरत नाही. “मुलीचे लग्न व्हायचे आहे, पिशवी नको,” असे म्हणणारे वडील मी पाहिले आहेत. बहुतेकांची ही पिशवी पुढे बंद करता येते. त्या शेतकऱ्याचीही केली, आणि त्याच वर्षी तो पेरणीस उभा राहिला.

घरी आल्यावर नाडी जलद होणे, ताप, थंडी, पोट फुगणे, वाढती वेदना, धाप, जखमेतून मळकट पाणी, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. रात्रीच रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांनी “झोप झाली नसेल” असे म्हटले, तर नाडी पुन्हा मोजावयास सांगावे.

आपले काही प्रश्न असतील तर अवश्य विचारावेत.