रात्रीची लाईट आणि रात्रीचा कॉल



पदवीदान समारंभात पाहुण्याने मोठी स्वप्नं पाहा म्हणायचं असतं. ती तुम्ही न सांगताही पाहाल. मी बोलणार आहे ते वेळेबद्दल. काम किती वाजता सुरू होतं, किती वाजता संपतं आणि ते ठरवतं कोण, एवढंच.

मी जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकची, आणि तिथे घरूनच नोकरी करते. कुकडीकाठचं आमचं गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना चांगलं माहीत आहे. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी प्रचंड उद्रेक झाला, त्याच्या राखेशी नातं सांगणारा थर आमच्या नदीकाठी आहे. त्याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. तेव्हा गावात घरून काम करणारी पहिली मी नव्हे. दगड तासणारा तो बाबाही जिथे राहायचा तिथेच काम करत असणार. फक्त त्याला संध्याकाळी साडेसहाला न्यूयॉर्कचा कॉल नसायचा.

आपले संध्याकाळचे साडेसहा म्हणजे उन्हाळ्यात तिकडचे सकाळचे नऊ. नोव्हेंबर लागला की तिकडे घड्याळं तासाभराने मागे घेतात आणि बोरीत आमच्या घरातली जेवणं तासाभराने पुढे जातात. आई तवा उतरवून ठेवते, पुन्हा चढवते. तिच्या भाकरीची वेळ बदलतेय हे अमेरिकेत कुणाच्या गावीही नसतं.

आता त्याच घरातली दुसरी पाळी बघा. आपल्याकडे शेतीपंपाची लाईट पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की वडील जेवून पडतात खरे, पण कान मोटारीकडे. लाईट आली की बॅटरी, काठी आणि मोबाइलवर मोठ्याने लावलेली गाणी घेऊन उसाकडे. गाणी हौसेसाठी नाहीत, बिबट्याला माणसाची चाहूल लागावी म्हणून. जुन्नर-आंबेगावच्या मुलांना हे काय समजावून सांगायचं! उसाला पाणी देताना दारं मोडायला वडील बांधावर आणि माळ्यावरच्या खोलीत हेडफोन लावून मी. दोघंही जागे, दोघंही दुसऱ्याने ठरवलेल्या वेळेवर.

पण फरक ऐका. ‘आम्हाला दिवसा लाईट द्या’ अशी मागणी या तालुक्यात वर्षानुवर्षं होते आहे. निवेदनं दिली जातात, रस्ता अडवला जातो. त्यासाठी शेतकऱ्याला आळशी म्हणायची कुणाची हिंमत नाही. तेच पगारी माणूस ‘रात्री नऊनंतर मीटिंग नको’ म्हणाला की त्याची कामावर निष्ठा कमी आहे असं ठरतं. बरं, ठरवणारा कायम साहेबच असतो असंही नाही. पुष्कळदा आपलं आपणच ठरवतो. घरी बसून काम करतो म्हणजे मोकळेच आहोत असं कुणाला वाटू नये, म्हणून रात्री अकराला आलेल्या मेलला अकरा वाजून दोन मिनिटांनी उत्तर! वेळेचं आपण वैयक्तिक शिस्तीचं प्रकरण करून टाकलंय. पहाटे उठा, योगासनं करा, यादी करा. करा जरूर. पण रात्रीची लाईट ही जशी शेतकऱ्याच्या शिस्तीतली उणीव नाही, तसा रात्रीचा कॉलही तुमच्या शिस्तीतली उणीव नाही. तो बोलून, भांडून, लिहून घेऊन सोडवायचा प्रश्न आहे.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली आणि पुण्यातली मुलं लॅपटॉप घेऊन गावोगाव परतली, तेव्हा घरून काम हा नवाच शोध लागल्यासारखं लिहिलं गेलं. पण आळेफाट्यावरून नाशिक रस्त्याने पुढे जा. संगमनेर, सिन्नर या भागात बायका पिढ्यानपिढ्या घरी बसून बिड्या वळत आल्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, हातात दोरा. पोर रडलं की त्याला थोपटायचं आणि पुन्हा वळायला घ्यायचं. मजुरी हजार बिड्यांवर. वाईट म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. हजार भरले नाहीत तर शाळेतून आलेली मुलगीही हात लावणार. वेळ मोजायची सोयच नाही, कारण मोजायच्या त्या बिड्या. १९६६च्या बिडी कामगार कायद्याने घरी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानलं, हे मोठं पाऊल होतं. घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६मध्ये स्वतंत्र करार केला. त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. तुमच्यातल्या कुणाला नगावर पैसे देणारं ऑनलाइन काम मिळालं, एवढे फोटो तपासले तर एवढे रुपये, तर त्या सुपाची आठवण ठेवा. काम तेच आहे, फक्त तंबाखूचा वास नाही.

आणि रविवार? तोही कुणी आपण होऊन दिलेला नाही. आपल्या पुणे जिल्ह्याशी नातं असलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचं निवेदन तयार केलं. आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या त्यातल्या मागण्या होत्या, आणि खाली साडेपाच हजार सह्या. पुढे एप्रिल १८९०मध्ये मुंबईत कामगारांची प्रचंड सभा झाली, तिथे दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. निवेदनापासून सुट्टीपर्यंत सहा वर्षं. आज शनिवारी रात्री ‘उद्या जरा बघशील का’ असा निरोप येतो आणि आपण अंगठा दाखवून मोकळे होतो, तेव्हा सहा वर्षांची कमाई एका बोटाने परत करतो.

सध्या कुठे आहोत तेही सांगते. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सच्या कायद्यात २०१७पासून आला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो, असं जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेने २०२१मध्ये सांगितलं. म्हणून नोकरीच्या मुलाखतीत पगार विचारता तसंच विचारा: माझे तास भारतीय वेळेनुसार कोणते? तिकडची घड्याळं बदलली की काय? आठवड्याचे तास किती, जादा कामाचं काय? उत्तर मेलवर मागून घ्या. तोंडी आश्वासन आणि बाजारातला टोमॅटोचा भाव, दोन्ही संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

गावात राहून काम करायचं तर गावाशीही वेळ बोलून घ्यावी लागते. लॅपटॉपवाला घरी दिसला की तो पंचक्रोशीचं सेवा केंद्र होतो. कुणाचा सातबारा काढायचा, कुणाचं केवायसी अडलेलं. दुपारी दोनला सात-आठ जण ओट्यावर. मी दारावर पाटी लावली: सकाळी आठ ते नऊ. आधी लोक हसले, आता आठला येतात. आणि ही कामं मला ओझं वाटत नाहीत. सकाळी नदीवर कुणाच्या दशक्रियेला उभं राहता येतं, कांदा काढणीला सावडीने जाता येतं, यासाठीच तर मी गावात राहिले. ‘वर्क-लाइफ बॅलन्स’वरच्या चर्चांत जगणं म्हणजे जिम आणि सहल. दशक्रियेला जायची सवड कुणी हिशेबात धरत नाही.

शेवटचं बोलायचंय ते पालकांशी, रागावू नका. सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, असं काम करणाऱ्या पुरुषांचा ८८. मुलगा घरून काम करत असला की घरात ‘हळू बोला, त्याची मीटिंग चालू आहे’. मुलगी किंवा सून घरून काम करत असली की ‘तू घरीच आहेस ना, मग कुकर लाव’. एकच काम, एकच कंपनी, पगारही कदाचित सारखाच. तेव्हा उद्यापासून तिच्या खोलीचं दार लोटलेलं दिसलं तर बाहेरूनच मागे फिरा. पाहुणे आले असतील तर हाक मुलाला मारा. पदवी घेतलेल्या माणसाला चहा करता येत नसेल तर कॉलेजकडे तक्रार करा, मी सही करीन.