कूलंटचं तापमान: आकडा नेमका कुठे चुकतो?

माझं इंदूरला गॅरेज आहे. स्कॅनरवर कूलंटचं तापमान चुकीचं दिसत असेल तर शोध कुठून सुरू करायचा, एवढ्यावरच आज बोलणार आहे. बहुतेक ठिकाणी उत्तर मिळतं, 'सेन्सर बदला.' सेन्सर स्वस्त असतो आणि पटकन बदलता येतो. पण नवा सेन्सर टाकूनही आकडा तसाच राहिला, की गिऱ्हाईक आणि मेकॅनिक दोघंही अडकतात.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, थेट तापमान मोजत नाही. तो व्होल्टेज वाचतो. आतल्या एका ठरावीक रेझिस्टरमधून तो सेन्सरच्या तारेवर ५ व्होल्ट पाठवतो. सेन्सरमध्ये थर्मिस्टर असतो. तो जितका गरम, तितका त्याचा रोध कमी. नेहमी दिसणारा एक प्रकार घ्या: २५ अंशांना साधारण २००० ओहम, ८० अंशांना ३०० च्या थोडं वर आणि ९० अंशांना २५० च्या आसपास. तुमच्या गाडीचे नेमके आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील.

आता या सर्किटमध्ये कुठेतरी ३०० ओहम जास्तीचे घुसले असं समजा. सकाळी थंड इंजिनवर २००० चे २३०० होतात. आकडा जेमतेम तीनचार अंशांनी चुकतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. पण इंजिन ९० ला पोचलं की २५० चे ५५० होतात आणि स्कॅनर साठच्या थोडं वर दाखवतो. बिघाड तोच असतो. थंडपणी तो लपतो, गरमपणी गाडी अडचणीत आणतो. म्हणून फक्त थंड इंजिनवर तपासून 'ठीक आहे' म्हणू नका.

असं एक प्रकरण माझ्याकडे आलं होतं. एक निवृत्त शिक्षक कुटुंबाला घेऊन ओंकारेश्वरहून परत येत होते. भेरूघाटात ट्रकांच्या मागे गाडी हळूहळू चढत होती. इंजिनवर भार नको म्हणून त्यांनी एसी बंद केला. थोड्या वेळाने बॉनेटमधून वाफ आली. काटा मात्र निम्म्याच्या खालीच होता! त्यांनी लगेच गाडी बाजूला घेतली, म्हणून हेड वाचलं. नाहीतर हेड गॅसकेट आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड, दोन्हींचा खर्च होता.

घाटाच्या आधी पी ०१२८ हा कोड आला होता. कूलंट हवं तितकं तापत नाही, असा त्याचा अर्थ. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट बदलला, मग सेन्सर. कोड परत आला आणि अ‍ॅव्हरेजही घसरलं, कारण संगणक इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल देत होता.

मी दोन पिनांच्या त्या सेन्सरचं कनेक्टर काढलं. स्कॅनरवर उणे ४० आलं. ते बरोबरच होतं. या मोजणीत संगणकाच्या आकड्यातून ४० वजा होतात, त्यामुळे तळ उणे ४० ला लागतो. सर्किट तुटलं की बहुतेक गाड्यांत हेच दिसतं. मग इग्निशन बंद करून कनेक्टरच्या दोन्ही टोकांना तारेचा तुकडा जोडला आणि पुन्हा चालू केलं. आता रोध शून्य, म्हणजे आकडा १३० च्याही वर जायला हवा होता. दिसले फक्त ८२. मी म्हटलं, "सर, तुमचा सेन्सर ठीक आहे. तारेत काहीतरी आहे."

"मग आधीचा का बदलला हो?" त्यांनी विचारलं. त्यावर मी काय बोलणार?

इग्निशन बंद करून, संगणकाचं कनेक्टर काढून मीटर लावला. सिग्नलच्या तारेत काही नव्हतं. परतीच्या तारेत मात्र सुमारे ३०० ओहम. खरं तर तिथे एक ओहमही नको. हार्नेसची टेप सोडत गेलो, तर रेडिएटरच्या पाइपाजवळ जोड सापडला. कधीतरी उंदरांनी कुरतडलेली तार कुणीतरी नुसती पिळून टेप गुंडाळली होती. आत तांबं हिरवं पडलेलं. तो भाग कापला, नवी तार सोल्डर केली, वर आकुंचन पावणारी स्लीव्ह चढवली. त्यानंतर इंजिन तापल्यावर स्कॅनरवर ९० दिसले आणि फॅन वेळेवर फिरू लागला.

मग गाडी शहरात आधीच का तापली नव्हती? तिथे एसी चालू असायचा, आणि बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर फॅन आपोआप चालतो. घाटात एसी बंद झाला, संगणकाला इंजिन थंड वाटत होतं आणि फॅनही थांबला.

तर क्रम लक्षात ठेवा. एक, थंड इंजिनवर कूलंटची पातळी बघा. सेन्सर द्रवात बुडालेला नसेल, हवा अडकली असेल, तर तो चुकीचंच सांगणार. गरम इंजिनचं झाकण कधीच उघडू नका, आत दाब असतो. दोन, रात्रभर उभी राहिलेल्या गाडीवर कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जुळतं का पाहा. तीन, गरम इंजिनवर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा, पण चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर तो कमी दाखवतो, म्हणून आधी काळी टेप लावा. खरंच थंड असेल तर थर्मोस्टॅट तपासा. चार, कनेक्टर काढून आणि जोडून दोन्ही टोकांचे आकडे पाहा. दोन्ही बरोबर आले तरच सेन्सर मीटरने मोजा, थंड आणि गरम दोन्ही वेळी.

आणि गाडी चालवणाऱ्यांना एक सांगतो. काटा खाली असला तरी बॉनेटमधून वाफ दिसली, गोडसर वास आला, तर वाफेवर विश्वास ठेवा. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि पूर्ण थंड होईपर्यंत झाकणाला हात लावू नका. जुन्या गाड्यांत काट्यासाठी वेगळा सेन्सर असायचा. आता बऱ्याच गाड्यांत काटाही संगणकाच्याच आकड्यावर चालतो, त्यामुळे एक तार खराब झाली की दोघंही सारखंच चुकीचं सांगतात.