परसातलं बी



आज आपल्या परसाची गोष्ट सांगायची आहे. त्यात आमची एक चूकही सांगायची आहे.

आम्ही शाळेत मुख्याध्यापक होतो. घरामागे न्हाणीचं पाणी जाई. तिथे आमच्या घरधनिणीने परसबाग केली होती. पाण्याच्या वाटेवर केळ. कुंपणाला घेवडा आणि दोडका. कोपऱ्यात शेवगा. बाजारातून ती कांदे-बटाटे तेवढे आणी. आम्ही मात्र म्हणायचो, "कशाला ही दगदग? बाजारात सगळं मिळतं."

ती दर वर्षी बी धरायची. चांगल्या वेलावरच्या चांगल्या शेंगा तोडायची नाही. त्या तिथेच वाळू द्यायची. मग बी उन्हात वाळवायचं, राखेत घोळायचं, गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणमातीने लिंपायचं. अशी सात-आठ गाडगी माळ्यावर होती. कोणत्या गाडग्यात काय, हे तिलाच ठाऊक. तिला लिहिता येत नव्हतं. आम्ही गावच्या पोरांना शिकवलं. घरात शिकवायचं राहून गेलं.

पुढे ती वारली. घर साफ करताना आम्ही ती गाडगी उघडली. वर राख दिसली. जुना कचरा समजून सगळी उकिरड्यावर ओतली.

पावसाळ्यात दुकानातून संकरित टोमॅटोचं बी आणलं. फळं छान आली. त्याचंच बी धरून दुसऱ्या वर्षी लावलं, तर एक झाड एका तऱ्हेचं, दुसरं दुसऱ्या तऱ्हेचं. संकरित बियाण्याचं असंच होतं. ते दर वर्षी विकत घ्यावं लागतं. देशी बी नीट धरलं, तर आईसारखी लेक निघते.

तेव्हा घेवड्याची आठवण झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "मास्तर, वहिनींनी दिलेला घेवडा आमच्या कुंपणाला आहे की!" त्यांनी ओंजळभर बी आणून दिलं. घरात जपलेलं बी आम्ही फेकलं. लोकांना दिलेलं तेवढं उरलं.

अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचं गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. पण त्यांनी देशी बियाणं गोळा केलं, जपलं आणि वाटलं. २०२० साली सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. बी जपणं हे केवढं मोठं काम आहे, ते यावरून समजावं.

आता आपण काय करायचं? ऊन येईल अशी जागा निवडा. दोन हात रुंद आणि दहा हात लांब वाफाही पुरे. शेणखत जुनं, चांगलं कुजलेलं घाला. ताज्या शेणाने हुमणी होते. मेथी एकदम सगळी पेरू नका. दर १५ दिवसांनी थोडी थोडी पेरा, म्हणजे भाजी खंडत नाही. साबणाचं पाणी पालेभाजीला घालू नका, केळीला सोडा. त्याचं डबकं होऊ देऊ नका, डास होतात.

मावा पडला तर घाईने विषारी औषध मारू नका. ती भाजी आपलीच लेकरं खाणार आहेत. वाळलेल्या निंबोळ्या कुटा. ५० ग्रॅम चूर्ण १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्याने गाळा. त्यात चिमूटभर साबण विरघळवा आणि ऊन उतरल्यावर फवारा. आठवड्याने पुन्हा फवारा.

आता रांधण्याचं. शेवग्याचा कोवळा पाला देठावरून ओरबाडून घ्या. आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतला तर त्यातलं सत्त्व पाण्याबरोबर जातं. तेलात लसूण, कांदा आणि हिरवी मिरची परता. भिजलेली मूगडाळ टाका. पाण्याचा हबका मारून डाळ शिजत आणा. मग पाला आणि मीठ घालून वाफ काढा. ही भाजी भाकरीबरोबर खा. वर लिंबू पिळा. लिंबाने भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागतं. पोटुशी बाई, वयात आलेली मुलगी, यांना लोहाची फार गरज असते. घरात भाजी थोडी असली, तर आधी त्यांच्या पानात वाढा. शेवटी उरलं तर त्यांनी खायचं, ही रीत सोडा.

शेवटचं एकच सांगणं. तुम्ही आता लिहायला शिकलात. या वर्षी बी धराल, तेव्हा कागदाची चिठ्ठी करा. तीवर बियाचं नाव, महिना आणि ते कोणाकडून आलं एवढं लिहा. चिठ्ठी गाडग्याला बांधा. आणि थोडं बी शेजारी द्या.

आमच्या माळ्यावर आता एक गाडगं आहे. त्यावर आम्ही घेवड्याचं नाव लिहिलं आहे. त्याखाली तिचंही लिहिलं आहे.