हाडांचा व मांसल भागांचा कर्करोग

कर्करोग म्हटला कीं तोंड किंवा स्तन हींच स्थानें मनांत येतात. परंतु हाडांत, स्नायूंत व चरबींतही हा रोग उद्भवतो. त्यास सार्कोमा म्हणतात. तो विरळा खरा. पण त्याचे कांहीं प्रकार ऐन वाढीच्या वयांतील मुलांसच गांठतात.

हाडांच्या रोगाचे मुख्य प्रकार तीन. ऑस्टिओसार्कोमा बहुधा गुडघ्याजवळ, मांडीच्या हाडाच्या खालच्या अथवा नडगीच्या वरच्या टोकास होतो. जेम्स युइंग या अमेरिकन डॉक्टरानें १९२१ सालीं वर्णिलेला युइंगचा सार्कोमाही मुलांचा व तरुणांचा. त्यांत कधीं तापही येतो. कूर्चेचा कॉन्ड्रोसार्कोमा मात्र प्रौढांस अधिक.

मांसल भागांतील गांठ पुष्कळदां दुखत नाहीं, हेंच तिचें कपट. ५ सेंटिमीटरांहून मोठी, खोल रुतलेली किंवा वाढत जाणारी गांठ अवश्य दाखवावी.

हाडाचें दुखणें रात्रीं बळावतें, विश्रांतीनेंही शमत नाहीं. मूल खेळतांना पडलें असेल, असें समजून लेप व चोळणें यांत महिने जातात. तेवढ्यांत रोग फुप्फुसांत पोहोंचतो. प्रथम क्ष-किरणांचें चित्र घ्यावें. गांठीचा तुकडा काढणें तें तज्ज्ञाच्याच हातून.

पूर्वीं पाय तोडूनही बहुतेक रोगी दगावत. १९७० नंतर शस्त्रक्रियेस औषधांची जोड मिळाली. आज रोग पसरण्यापूर्वीं पुरे उपचार मिळाल्यास ऑस्टिओसार्कोमाचे १०० पैकीं सुमारें ६० ते ७० रोगी ५ वर्षांनंतरही हयात असतात, आणि बहुतेकांचा पायही राखतां येतो. म्हणून मुलाच्या दुखण्यास ‘वाढीचें दुखणें’ म्हणून स्वस्थ बसूं नये.