सळई कशानं तुटली?



इंद्रवेल्लीत मराठीतून यंत्राविषयी बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. विषय दिलाय पोलादाच्या थकव्याचा. मी हापशाबद्दल बोलणार, कारण आपल्या रोजच्या बघण्यात पोलाद थकतं ते हापशातच. शिवाय हापसा आपल्या घरचा. जालना पंप आणि सोलापूर पंप यांच्या अनुभवातूनच १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हापसा घडला.

आता हिशेब बघा. त्याच्या सिलेंडरचा व्यास ६३.५ मिलिमीटर. पाणी ३० मीटर खोल असेल, तर दांड्यापासून सिलेंडरपर्यंत जाणाऱ्या सळईवर पाण्याचा भार साधारण ९५ किलो आणि तिचं स्वतःचं वजन २७ किलो. बारा मिलिमीटरच्या सळईला हे काहीच नाही. याच्या वीसपट वजन टांगलं तरी ती तुटणार नाही. तरी तुटते.

मिनिटाला ४० वेळा दांडा मारला आणि हापसा दिवसाला आठ तास चालला, तर १९,२०० ओढी होतात. दोन महिन्यांच्या आत दहा लाख. एकोणिसाव्या शतकात ऑगस्ट व्होलर या जर्मन इंजिनिअरनं रेल्वेच्या आसांवर वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं, की भार सर्वाधिक किती यापेक्षा तो दर फेऱ्यात किती कमी-जास्त होतो, यावर धातूचं आयुष्य ठरतं.

दांड्याला सळई जोडणारी साखळी ओढू शकते, ढकलू शकत नाही. सळई खाली येते ती स्वतःच्या वजनानं. वायसर घट्ट असला किंवा बोअर उथळ असून सळई हलकी पडली, तर ती मागं रेंगाळते, साखळी सैल होते आणि पुढच्या दांड्याला हिसका बसतो. वजन तेच, मार वेगळा. वाकलेली सळई तर प्रत्येक ओढीला सरळ व्हायला बघते, म्हणजे ताणाबरोबर बाकही सोसते. हे सगळं जाऊन साठतं आट्यांच्या खाचेत.

स्टेनलेस घातलं की सुटलो, असं समजू नका. क्रोमियममुळे त्यावर एक पातळ कवच असतं, ते खरवडलं तरी पुन्हा धरतं. पण खाऱ्या पाण्यात, आट्यात पाणी साचून राहिलं, की तिथं बारीक खड्डा पडतो आणि त्यातून चीर निघते. कोरड्या हवेत ठरावीक मर्यादेखालचा ताण हे पोलाद जवळजवळ कायम सोसतं. अशा पाण्यात ती मर्यादाच उरत नाही.

समजा, केसलापुरात नागोबाच्या जत्रेला, पुष्य अमावास्येच्या रात्री सळई तुटली. आपण गर्दीला दोष देतो. तुटलेलं तोंड उजेडात धरा. एक भाग गुळगुळीत, शिंपल्यावर असतात तशा वळणदार रेषांचा. ती चिरेची कित्येक आठवड्यांची वाट. उरलेला खरबरीत तुकडा तेवढा त्या रात्रीचा. तो जितका लहान, तितका भार हलका होता. रेषा एकाच बाजूनं निघाल्या असतील तर सळई एकीकडे वाकत होती, दोन्हीकडून निघाल्या असतील तर दोन्हीकडे.

जेवणानंतर आपण आणलेली तुटक्या सळयांची टोकं बघू. यापुढं तुटलेली सळई भंगारात देऊ नका. तोंड घासू नका, दोन्ही टोकं एकमेकांवर जुळवून बघू नका, रेषा मोडतात. कागदात गुंडाळा आणि वर लिहा: बोअर किती खोल, वरून कितवी सळई, वायसर कधी बदलला.