फळमाशी कोणाच्या वासावर येते?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



आंब्याच्या दिवसांत कीटकांवर बोलायला उभे राहायचे, तर फळमाशीला टाळून चालणार नाही. तुमच्यापैकी अनेकांच्या कलमांत या घटकेला सापळे टांगलेले असतील. सापळ्यात माश्यांचा खच पडतो, आणि तरीही पाडाचा आंबा कापला की गरात पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात. मग सापळा कुचकामी म्हणून माणूस पुन्हा फवारणीकडे वळतो. माझे म्हणणे असे की सापळा आपले काम चोख करतो. तो कोणाला बोलावतो आणि कशासाठी बोलावतो, एवढे मात्र आपण समजून घेत नाही.

आधी नाकाविषयी. कीटकाला नाक म्हणजे त्याच्या मिशा. फळमाशीच्या दोन डोळ्यांच्या मधोमध, पुढच्या बाजूला दोन आखूड मिशा असतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यांचा टोकाकडचा फुगीर भाग बारीक केसांनी भरलेला दिसतो, आणि या केसांच्या भिंतींना असंख्य छिद्रे असतात. हवेतून आलेला वासाचा रेणू छिद्रातून आत शिरतो. आत पातळ द्रव असतो. त्यातली काही प्रथिने रेणूला धरून मज्जापेशीच्या टोकापर्यंत पोहोचवतात. तिथल्या ग्राहकाशी रेणू जुळला की पेशीतून विजेची स्पंदने मेंदूकडे निघतात. एका पेशीत साधारणपणे एकाच जातीचा ग्राहक असतो. त्यामुळे कोणकोणत्या पेशी एका वेळी जाग्या झाल्या, यावरून मेंदू वास ओळखतो.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. झाडे जे वास सोडतात, त्यांतली बहुतेक द्रव्ये शेकडो झाडांत सापडतात. कापलेल्या गवताचा हिरवा वास घ्या. तो जवळजवळ प्रत्येक पानात आहे. मग किडीला आपले झाड कसे कळते? मिश्रणावरून आणि त्यातल्या प्रमाणावरून. मोहरी, हिंग, कढीपत्ता वेगवेगळे हुंगले तर आमटी आठवत नाही. तिन्ही एकत्र तडतडले की शेजारच्या घरालाही कळते. इंग्लंडमध्ये बाकल्यावर पडणाऱ्या काळ्या माव्यावर असा प्रयोग झाला. बाकल्याच्या वासातली द्रव्ये एकत्र दिली तेव्हा मावा त्यांच्याकडे गेला. तीच द्रव्ये एकेकटी दिली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच द्रव्यांपासून तो दूर पळाला. ज्या वासाने कीड येते, त्याचाच तुकडा तिला हाकलतो. मला तर या साऱ्या शास्त्रातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

वास ओळखला तरी उगमापर्यंत पोहोचायचे कसे? वाऱ्यावर वास सलग पसरत नाही, त्याचा तुटक लोळ असतो. लोळ लागला की कीटक वाऱ्याच्या तोंडाला सरळ उडतो; सुटला की आडवा, डावीकडे-उजवीकडे घिरट्या घालत तो पुन्हा शोधतो.

आता सापळ्याकडे येऊ. ही गोष्ट आपल्याच देशातली आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेत एफ. एम. हाउलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास लांब राहावेत म्हणून रुमालाला सिट्रोनेला तेल लावले, तर रुमालावर फळमाश्यांची झुंबड उडाली. हाउलेट यांनी माश्या तपासल्या, तर सगळे नर. १९१२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि पुढे १९१५ मध्ये त्या तेलातले नेमके द्रव्य दाखवून दिले: मिथाइल युजेनॉल. आज तुमच्या सापळ्यातल्या लाकडी ठोकळ्यात मुरवलेले असते ते हेच.

हे द्रव्य तुळशीतही असते, काही झाडांत तर भरपूर. तुळशीचे पान चुरगाळून आंब्याच्या बागेत ठेवा आणि बाजूला बसून पाहा. थोड्याच वेळात पिवळट-तपकिरी माशी येईल, सोंड टेकवून पान चाटू लागेल, आणि तुमच्या हाताची सावली पडली तरी सहजी उठणार नाही. तो नर आहे. त्याला ना तिथे भूक भागवायची आहे, ना अंडी घालायची आहेत. चाटलेले मिथाइल युजेनॉल त्याच्या शरीरात बदलते आणि मागच्या बाजूच्या एका ग्रंथीत साठते. तिन्हीसांजेला नर झाडावर जमतात, पंख फडफडवून हा वास सोडतात आणि माद्यांना बोलावतात. ज्या नराने हे द्रव्य चाटले आहे, त्याला जोडी लवकर जमते. झाडाचा वास उचलून नराने स्वतःचे अत्तर केले, असे हे प्रकरण आहे.

मादीचे गणित निराळे. मिलन झालेल्या मादीला हवे असते पिकू लागलेले फळ. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत आंब्याच्या वासातल्या गॅमा-ऑक्टालॅक्टोन या द्रव्याने माद्यांना अंडी घालायला उद्युक्त केले. लॅक्टोन गटातली द्रव्ये पिकत्या हापूसच्या सुवासात असतातच. म्हणजे ज्या गंधासाठी आपण आढी उघडायची वाट पाहतो, त्याच गंधात मादीला पिलांचे अन्न कळते. चौदा आणे तयार फळ वेळेवर उतरवले तर ते बरेचसे वाचते. झाडावर पिकू दिलेल्याला डंख बसतो.

तेव्हा सापळ्यात खच पडतो तो नरांचा. अंडी घालणारी मादी त्या वासाकडे ढुंकून पाहत नाही. मग नर मारून काय मिळते? मादीला जोडीदार मिळाला नाही तर तिच्या अंड्यांतून अळी निघत नाही. पण एक नर अनेक माद्यांना पुरतो. शंभरातले नव्वद नर मारले तरी उरलेले दहा पुरेसे होतात. आणि तुमच्या बागेतले सगळे नर मेले, तरी शेजारच्या वाडीत मिलन झालेली मादी बांध ओलांडून येतेच. एका बागेत चार सापळे लावून माशी आटोक्यात येत नाही, ती याच कारणाने.

सारा परिसर एकदम धरला तर काय होते, ते पाहा. पॅसिफिक महासागरात मारियाना बेटांपैकी रोटा नावाचे बेट आहे, जेमतेम ८५ चौरस किलोमीटरचे. मिथाइल युजेनॉल आणि कीटकनाशक मुरवलेले तुकडे विमानातून साऱ्या बेटावर टाकले, आणि तिथून ही माशी नाहीशी झाली. ही हकिगत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाली. द्रव्य तेच, जे आपल्या ठोकळ्यात आहे. फरक एवढाच की तिथे सारे बेट एकदम धरले आणि चारी बाजूंनी समुद्र होता. आपल्याकडे समुद्र एकाच बाजूला आहे. म्हणून माशी संपवण्याची भाषा मी करणार नाही. पण ती पुष्कळ कमी करता येईल, आणि त्याचे मोल आपण जाणतो. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केले, ते मालात फळमाशी सापडल्यामुळे. ते उघडायचा निर्णय व्हायला जानेवारी २०१५ उजाडला. ऐन हंगामात लंडनचा माल अडकला.

मग करायचे काय? दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा दिला आहे. तो साऱ्या वाडीने एकाच आठवड्यात लावावा, आणि फळ पाडाला लागण्याच्या पुष्कळ आधी. रायवळाची झाडे, परसातला पेरू आणि चिकू वगळू नयेत, कारण हापूस नसताना माशी तिथेच वाढते. ठोकळ्याचा वास उडाला की तो वेळेवर बदलावा; ही जबाबदारी वाडीने एखाद्या तरुणावर सोपवली तर अधिक बरे. पडीची फळे झाडाखाली ठेवू नयेत. त्यांतली अळी मातीत उतरून कोष करते आणि पुढची पिढी तिथूनच उठते. अशी फळे गोळा करून खोल पुरावीत.

आणि भाजी लावणाऱ्यांसाठी एक गोष्ट. कारली, दोडका, भोपळा यांच्या मांडवाला आंब्याच्या सापळ्यातला ठोकळा टांगू नका. वेलवर्गावरच्या फळमाशीचा नर मिथाइल युजेनॉलवर येत नाही, त्याला क्यू-ल्यूर नावाचे आमिष लागते. दुकानात दोन्ही मिळतात. घेताना पिकाचे नाव सांगून मागा.